आईचे ड्रॉप्स मावशीला का चालले नाहीत

मागच्या वर्षी मावशी आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती आणि येताना तिची ड्रॉप्सची बाटली घरीच राहिली. आता आमच्या घरात काचबिंदूचं औषध म्हणजे काही नवीन नाही, आईलाही काचबिंदू आहे, तिची बाटली टेबलावर असतेच. तर दोघी बहिणींनी मला न विचारता आपापसात ठरवून टाकलं की आजार एकच आहे ना, मग चार दिवस आईचे ड्रॉप्स घातले तर काय बिघडतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीला धाप लागायला लागली, जिना चढून आली म्हणून असेल असं वाटलं, मग रात्री छातीतून सूं सूं आवाज यायला लागला, पंप दोनदा घेऊनही आराम पडेना, आणि तेव्हा कुठे आई हळूच म्हणाली, "अगं, कालपासून ही माझेच ड्रॉप्स घालतेय, त्याने तर नसेल?"

मी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरातलं नाव वाचलं. टिमोलॉल. आणि मावशीला लहानपणापासून दमा आहे.

ती रात्र दवाखान्यात गेली, नेब्युलायझर लावला, पहाटेपर्यंत श्वास ताळ्यावर आला, पण माझ्या मनातून ती रात्र अजून गेलेली नाही. डोळ्यात घातलेला एक थेंब छातीपर्यंत पोचतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, कुठेतरी वाचलेलं होतं, पण घरात सगळ्यांना नीट सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध आहे. डोळ्यात टाकलेलं औषध सगळं डोळ्यातच राहत नाही, अश्रूंच्या नळीतून ते नाकात उतरतं आणि नाकाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातं. गोळी पोटातून जाते तेव्हा लिव्हर तिची बरीचशी ताकद आधीच कमी करतं, इथे तसं होत नाही, त्यामुळे थेंब छोटा असला तरी दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो आणि ज्यांचे ठोके मुळातच हळू पडतात किंवा ज्यांना हार्ट ब्लॉक आहे (म्हणजे हृदयातला ठोक्याचा विजेचा संदेश अडतो, रक्तवाहिनीतला ब्लॉक नव्हे) त्यांचे ठोके आणखी कमी करू शकतो. आईला दमा नाही, हृदयाचं काही नाही, ती हेच औषध कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ घालतेय आणि तिच्या डोळ्यातलं प्रेशर त्याने छान राहिलंय. म्हणजे औषध वाईट नव्हतंच, ते आईचं होतं, मावशीचं नव्हतं. (आणखी एक, बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी आधीच चालू असेल तर या थेंबांचा फायदा कमी होतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आपल्या सगळ्या गोळ्या दाखवायच्या, "त्या डोळ्याच्या नाहीत" म्हणून घरी ठेवून जायच्या नाहीत.)

वेटिंग रूममधे बसलं की मी नेहमी बघते, लोक एकमेकांच्या बाटल्या बघत असतात. तुम्हाला किती वेळा, आम्हाला दोनदा, तुम्हाला लेझर केलं का, आम्हाला तर ऑपरेशनच सांगितलंय. आणि मग शंका सुरू होते की आपले डॉक्टर उगाच जास्त करतायत, किंवा काहीच करत नाहीयेत. मला त्या लोकांचा राग येत नाही, कारण आम्हीही तेच करायचो. पण काचबिंदू हे एका आजाराचं नाव नाहीच, ते बऱ्याच आजारांचं मिळून एक आडनाव आहे, आणि शेवटी सगळ्यांत होतं ते एकच की डोळ्याच्या मागची नस हळूहळू मरत जाते. तिथपर्यंत पोचायच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं (डोळ्यातून गळणारे अश्रू ते वेगळे), आणि ते बुबुळाच्या कडेला जो कोन असतो तिथल्या बारीक जाळीतून बाहेर निघून जातं. मोरीसारखंच समजा. मावशीच्या डोळ्यात मोरीचं तोंड उघडं आहे पण जाळीतच हळूहळू पाणी अडायला लागलंय, याला ओपन अँगल म्हणतात, यात दुखत नाही, लाल होत नाही, काहीच कळत नाही. आईच्या डोळ्यात जाळी ठीक होती पण तोंडावरच पडदा येऊन बसत होता, म्हणजे तिचा कोन मुळात अरुंद, आणि वयाबरोबर डोळ्यातली भिंग जाड होत जाते तशी ती समोरच्या, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला पुढे ढकलत होती. मोरीची जाळी अडलीये की तोंडावर काहीतरी येऊन बसलंय हे बघितल्याशिवाय मोरी साफ कशी करणार?

आणि हेच बघायचं आईच्या बाबतीत दोन वर्षं राहून गेलं होतं. आधीच्या ठिकाणी प्रेशर मोजायचे, ड्रॉप्स लिहून द्यायचे, सहा महिन्यांनी या. डोळ्यावर आरशाची छोटी भिंग टेकवून कोन बघायची जी तपासणी असते, गोनिओस्कोपी, ती एकदाही केली नाही, आणि आम्हाला ती असते हेच माहीत नव्हतं तर विचारणार काय. तिला संध्याकाळी अंधार पडला की डोकं दुखायचं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसायची, आम्ही ते चष्म्याच्या नंबरावर घालायचो. नवीन डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कोन बघितला आणि म्हणाले लेझर करू. पडद्याच्या कडेला लेझरने टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात, त्यामुळे मागे अडकलेलं पाणी पुढे येतं आणि पडदा सैल होऊन मागे जातो. पाच-दहा मिनिटांचं काम. नंतर काही वर्षांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड झालेली भिंग निघाली आणि तिच्या जागी पातळ लेन्स बसली, तेव्हा कोन आणखी मोकळा झाला. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ईगल नावाचा अभ्यास आला होता, त्यात पन्नाशीच्या पुढच्या, अशा बंद कोनाच्या पेशंटमधे लेझरऐवजी सुरुवातीलाच भिंग काढण्याचा फायदा जास्त दिसला, म्हणून काहींना हल्ली काचबिंदूसाठी थेट मोतीबिंदूचंच ऑपरेशन सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं डॉक्टरांनी आजारच चुकीचा ओळखला. तसं नसतं, कोन कसा आहे त्यावर आहे ते.

मावशीला हे भोक पाडून काहीच उपयोग झाला नसता. तिच्या जातीच्या काचबिंदूत लेझर वेगळं असतं, एसएलटी म्हणतात, ते जाळीवरच मारतात म्हणजे जाळीतून पाणी जरा बरं वाहायला लागतं. "लेझर" हा शब्द एकच, काम दोन वेगळी, त्यामुळे कोणी सांगितलं की मला लेझर केलं तर आधी विचारायचं कुठलं.

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांवर लिहिलेलं असतं ना, काचबिंदू असल्यास डॉक्टरांना विचारून घ्या. ते वाचून मावशी कित्येक वर्षं सर्दीची साधी गोळी घ्यायला घाबरायची. खरं तर ती सूचना मुख्यतः अरुंद कोनवाल्यांसाठी आहे, ज्यांचं अजून लेझर झालेलं नाही अशांसाठी, कारण त्या गोळ्यांनी बाहुली मोठी होते आणि कोन एकदम बंद होऊ शकतो. आणि एकदम बंद झाला तर भयंकर दुखतं, उलट्या होतात, दिसणं धूसर होतं, तेव्हा त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो. उघड्या कोनाच्या माणसाला सहसा हा धोका नसतो. म्हणजे ज्या आईने जपायला हवं होतं ती बिनधास्त गोळ्या घ्यायची आणि जिला गरज नव्हती ती घाबरून राहायची, कारण दोघींना कोणी सांगितलंच नव्हतं की तुमचा काचबिंदू कुठला.

आता माझं सांगते. आई आणि मावशी दोघींना आहे म्हटल्यावर मला तपासणं भागच होतं, कारण सख्ख्या नात्यात असला तर धोका कित्येक पटीने वाढतो. माझं प्रेशर आलं २४. नॉर्मल १० ते २१ धरतात, त्यामुळे मी मनातून तयारच होते की आता माझीही बाटली सुरू होणार. डॉक्टरांनी कोन बघितला, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची) जाडी मोजली, ओसीटी (नसेचा स्कॅन) केला, फील्ड टेस्ट (नजरेच्या कडेपर्यंत किती दिसतं ती तपासणी) केली, आणि म्हणाले, काही औषध नको, वर्षाने या. आई इतकी अस्वस्थ झाली की घरी येईपर्यंत एकच विषय, "माझं २८ होतं तर लेझर केलं, तुझं २४ आहे तर काहीच नाही?"

प्रेशर मोजायचं यंत्र कॉर्नियावर बाहेरून दाब देऊन आकडा सांगतं. कॉर्निया जाड असेल तर तो दबायला जोर जास्त लागतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, पातळ असेल तर उलटं, आकडा कमी दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास, माझी ५८८. (चष्मा घालवायचं लेझर केलेल्यांनी हे नक्की सांगायचं, त्यात कॉर्निया पातळ होतो, त्यामुळे नंतर आयुष्यभर प्रेशर कमी दिसत राहतं.) शिवाय माझी नस अजून व्यवस्थित आहे. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला होता, २००२ मधे त्याचे निष्कर्ष आले, प्रेशर २४ ते ३२ पण नस चांगली अशा सोळाशेहून जास्त लोकांना दोन गटांत ठेवलं, पाच वर्षांत बिनऔषधवाल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला आणि औषधवाल्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे औषधाने धोका निम्म्यावर येतो हे खरं, पण औषध न घेताही नव्वद टक्के लोकांना त्या पाच वर्षांत काही झालं नाही हेही तितकंच खरं. आणि धोका कोणाला जास्त तर वय जास्त, कॉर्निया पातळ, नसेच्या टोकाशी जो खड्डा असतो तो मोठा अशांना. माझं वय आणि जाडी दोन्ही माझ्या बाजूने होतं. उद्या ओसीटीमधे फरक दिसला तर माझीही बाटली सुरू होईल आणि मी ती न कुरकुरता घालेन.

याच्या बरोबर उलटं माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं. त्याचं प्रेशर १५, कधीच १७ च्या वर गेलं नाही, तरी त्याला रात्री ड्रॉप्स आहेत. त्याची नस नॉर्मल प्रेशरलाही टिकत नाही, नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात (टेन्शन म्हणजे इथे डोळ्यातलं प्रेशर, ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू). त्याला माझं २४ आणि बिनऔषध हे ऐकून पटेना आणि मला त्याचं १५ आणि औषध हे आधी पटलं नव्हतं. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं की बीपीची गोळी कधी घेता, तो रात्री झोपताना घ्यायचा, आणि झोपेत बीपी मुळातच उतरतं, त्यात गोळीने आणखी उतरलं तर नसेला रक्त कमी पडायची भीती. मग फिजिशियनशी बोलून वेळ बदलली. काचबिंदूच्या इलाजात बीपीच्या गोळीची वेळ बदलणं हेही येतं! हे त्याने स्वतःच्या मनाने केलं नाही हे मुद्दाम सांगते. आणि या प्रकारातही सगळ्यांचा आजार पुढे सरकतोच असं नाही, १९९८ च्या अभ्यासात प्रेशर ३० टक्के कमी केलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के डोळे बिघडले आणि तसेच ठेवलेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे इलाज न केलेल्यांतलेही बरेच डोळे तसेच टिकून राहिले, म्हणून काही डॉक्टर अशा पेशंटला आधी काही महिने नुसते बघतात, आणि ते दुर्लक्ष नसतं.

मावशीकडे परत येते, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याकडून शिकायला मिळालं. तिच्या एकाच चेहऱ्यावरच्या दोन डोळ्यांचा इलाज वेगळा आहे. आपल्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात, गेलेले परत येत नाहीत, आणि तिच्या उजव्या डोळ्यातले बहुतेक आधीच गेले होते, कारण कळलं तेव्हा उशीर झालेला होता, डावा डोळा झाकून भिंतीकडे बघितलं तेव्हा तिला कळलं की कॅलेंडरचा फक्त मधला भाग दिसतोय. ज्या डोळ्यात थोडंच उरलंय तिथे प्रेशर खूप खाली ठेवावं लागतं, तिचं टार्गेट १२ च्या खाली होतं, ड्रॉप्सने ते १७ वरच अडलं, म्हणून ऑपरेशन करून पाण्याला पापणीखाली नवीन वाट काढून दिली. त्याच ऑपरेशनचा विचार तिच्या डाव्या डोळ्यासाठी कोणी केला नाही, कारण तिथे नुकसान कमी होतं, १५-१६ पुरेसं होतं आणि ते रात्रीच्या एका थेंबाने मिळत होतं. ऑपरेशनचे स्वतःचे धोके आहेतच, प्रेशर नको तितकं खाली जाऊ शकतं, वाट परत बुजू शकते, आणि त्या डोळ्याला इन्फेक्शनची भीती पुढे कायम राहते, डोळा लाल झाला आणि घाण यायला लागली तर त्याच दिवशी दाखवायचं असं तिला बजावून ठेवलंय. काहींची त्वचा फार पटकन भरून येते, तरुणांची विशेषतः, त्यांची वाट बुजते, काहींच्या डोळ्याची आधीच दोन-तीन ऑपरेशनं झालेली असतात, अशांना पाणी बाहेर न्यायला नळी बसवतात. ज्याचं त्याचं.

टार्गेट प्रेशर हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. नुकसान किती, किती वेगाने वाढतंय, सुरुवातीचं प्रेशर किती, आणि माणसाचं वय किती यावरून ते ठरतं. वयाचं ऐकून मला आधी वाईट वाटलं होतं, म्हातारं माणूस आहे म्हणून कमी इलाज करायचा की काय! पण पंचेचाळीसच्या माणसाचा डोळा अजून चाळीस वर्षं चालायला हवा, तिथे थोडंही सरकणं परवडत नाही, आणि पंच्याऐंशीच्या आजीचं नुकसान थोडं आणि हळू असेल तर तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेण्यापेक्षा साधे ड्रॉप्स चालू ठेवणं हेच तिच्यावरचं प्रेम आहे. आता मला हे पटतं.

ड्रॉप्समधेसुद्धा माणूस बघूनच निवड असते. मावशीला रात्री घालायचं जे आहे, लॅटॅनोप्रोस्ट, ते सहसा पहिलं देतात कारण दिवसातून एकदाच लागतं आणि प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांश उतरवतं, पण त्याने पापण्यांचे केस वाढतात, डोळ्याचा रंग गडद होऊ शकतो, डोळ्याभोवतीचा भाग थोडा खोल जातो, आणि डोळ्याला आतून सूज असेल तर डॉक्टर ते टाळतात. ब्रिमोनिडिनने काहींना महिन्यांनी ॲलर्जी येते, झोप येते, आणि तान्ह्या बाळांना तर ते अजिबातच द्यायचं नसतं, श्वास मंदावतो. डॉर्झोलामाइडने डोळा झोंबतो, तोंड कडू होतं. ॲसिटाझोलामाइडच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, मुतखडा झालेल्यांना ती जपून देतात. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांचं प्रेशर वाढतं, तिथे पहिला इलाज म्हणजे डॉक्टरांना विचारून स्टिरॉइड थांबवणं हाच. आणि ज्यांचे डोळे कोरडे आहेत त्यांना बाटलीतल्या प्रिझर्वेटिव्हनेच त्रास होतो, त्यांच्यासाठी बिनप्रिझर्वेटिव्हची मिळतात.

एक गोष्ट मावशीने खूप दिवस लपवली होती, लिहू का असं तिला विचारून लिहितेय. ती आठवड्यातून तीन-चार रात्री ड्रॉप्स विसरायची आणि तपासणीच्या आधीचे दोन दिवस मात्र नियमाने घालायची. प्रेशर ठीक यायचं पण फील्ड टेस्ट बिघडत जायची, डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाहीये, म्हणून दुसरी बाटली वाढवली. तिने खरं सांगितलं तेव्हा ते अजिबात रागावले नाहीत, दुसरी बाटली बंद केली आणि म्हणाले पहिलीच रोज घाला, नाही जमलं तर एसएलटी करू. २०१९ मधे लॅन्सेटमधेच आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षं एकही थेंब लागला नव्हता. विसरणारा माणूस, हात थरथरणारा माणूस, एकटा राहणारा माणूस, बोटं वाकत नाहीत म्हणून बाटली दाबता न येणारा माणूस, यांचा इलाज वेगळा असायलाच हवा, पण ते आपण सांगितलं तरच.

आता घरी आम्ही हे केलंय की आईच्या बाटलीला लाल दोरा आणि मावशी आली की तिच्या बाटलीला पांढरा. दोघींच्या प्रिस्क्रिप्शनचे फोटो माझ्या फोनमधे आहेत, म्हणजे बाटली विसरली तर तीच नवीन आणता येते. थेंब एकच घालायचा, डोळ्यात दुसरा मावतच नाही, आणि घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा म्हणजे औषध नाकात कमी उतरतं. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मधे पाच मिनिटं. मावशीने डोळ्यांच्या फाईलवर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात "दमा" लिहिलंय.

दादा अजून तपासायला तयार नव्हता, मला दिसतंय ना सगळं हेच त्याचं उत्तर. मागच्या आठवड्यात मावशीने त्याला समोर बसवलं आणि डावा डोळा हाताने झाकून, उजव्याने तिला काय काय दिसत नाही ते एकेक करून सांगितलं, दार, खिडकीची कड, त्याचा खांदा. परवा सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट घेतलीये त्याने, आणि गोनिओस्कोपी करायची का हे विचारायचं मी त्याच्या फोनमधे लिहून ठेवलंय.